खानझोडे साहेबांचा चहा

वनखात्यात ड्रोन आले आणि पथकं निवडायचं काम खानझोडे साहेबांकडे गेलं. नियम असा, की प्रत्येक ड्रोनमागे दोघं हवेत: एक उडवणारा, दुसरा आजूबाजूला लक्ष ठेवणारा. साहेबांच्या मते हा दुसरा म्हणजे निव्वळ खोगीरभरती.

"ड्रोनला डोळा असताना आणखी दोन डोळे कशाला पोसायचे?" असं म्हणून त्यांनी दुसऱ्या जागेसाठी आलेल्यांना सरळ परत जायला सांगितलं.

वनरक्षक कुंतला मडावी मात्र जागची हलेना. साहेबांना गंमत वाटली. "बरं, या माळावर कुठंही लप. माझ्या ड्रोनला सापडली नाहीस, तर तुमच्या सगळ्या जागा कायम!"

साहेबांनी चहाचा कप मागच्या स्टुलावर ठेवला, तिला लपू देण्यासाठी डोळे मिटले आणि मग मोहाच्या झाडाच्या सावलीत उभं राहून ड्रोन उडवला. झुडपं पाहिली, नाला पाहिला, गवताची गंजी तर चारही बाजूंनी पाहिली. गंमत बघायला थांबलेले बाकीचे उमेदवार तोंड दाबून हसत होते, पण साहेबांची नजर पडद्यावरून हटेल तर ना! शेवटी बॅटरी संपत आली आणि ड्रोन खाली उतरला. साहेबांनी घाम पुसत मागे कपाकडे हात नेला. कप रिकामा!

वळून बघतात तर स्टुलाशेजारी कुंतला उभी, पदराने ओठ टिपत.

"कुठे होतीस तू?"

"इथंच साहेब, तुमच्या मागे."

"आणि माझा चहा?"

"मी होते म्हणून चहावर भागलं, साहेब. जंगलात मागून जो येतो ना, तो चहा पीत नाही."