वळणावरचा ओटा

विषय : बाजारपेठ ते कन्याशाळा रस्त्यावरील वळणावरचा ओटा हटविणेबाबत.

संदर्भ : एका नागरिकाचा अर्ज, नगरपरिषद आवक क्रमांक ४१७. प्रत, पोलीस ठाणे.

“म्हणजे बाबा, तुमची हरकत नेमकी कशाला आहे?”

मुख्याधिकारी पाठारेंनी हे तिसऱ्यांदा विचारलं. तीन गावांतले तंटे मिटवून ते इथं आले होते, आणि हे समोरच्याला कळावं अशा बेतानं ओट्यासमोर मांडलेल्या खुर्चीत बसले होते.

लतीफबाबा ओट्यावर बसले होते. तीस वर्षं तिथंच बसत होते; भक्त पाया पडायला तिथंच येत.

ओटा तीन हात रस्त्यात आलेला. त्याच्याआडून वळणापलीकडचं दिसत नसे. गेल्या साली कन्याशाळेतली एक मुलगी टेम्पोखाली आली. वाचली, पण अजून कुबडी घेऊन चालते. आणि सोमवारी शाळा उघडणार होती.

नगरपरिषद म्हणे, बंदोबस्त द्या, ओटा काढतो. पोलीस म्हणत, तारीख द्या, बंदोबस्त देतो. नगरपरिषद म्हणे, बंदोबस्त ठरल्याशिवाय तारीख कशी देणार?

यावर उपाय म्हणून दोघांची संयुक्त सुरक्षा समिती झाली. पहिल्या बैठकीला मुख्याधिकारी नगरपरिषदेत चहा मांडून बसले, निरीक्षक ठाण्यात. इतिवृत्तं दोन झाली. दोन्हींत दुसरा गैरहजर.

“हरकत?” बाबा म्हणाले. “अर्ज कुणाचा आहे, साहेब?”

“ते सांगता येणार नाही. अर्जदाराच्या जिवाला धोका आहे.”

“कुणापासून?”

“तुमच्या भक्तांपासून.”

ओट्याच्या कडेला बसलेले हवालदार गणाचारी खाकरले.

“आणि मला इथं बसवलंय, साहेब, ते अर्जदारापासून बाबांचं रक्षण करायला.”

“किती दिवस झाले?”

“पाच महिने.”

“आला का तो?”

“अजून तरी नाही. पण मी सावध आहे.”

बाबा हसले नाहीत.

“तुम्ही तरी नाव वाचलंत का, साहेब?”

“लिफाफा सीलबंद आहे.”

“फोडा की.”

पाठारेंनी फायलीतला लिफाफा काढला. उलटा केला, सुलटा केला. मग फोडला.

अब्दुल लतीफ. राहणार, सदर ओटा.

…

“बाबा, हे… हे तुम्ही दिलंत?”

“त्या पोरीला मीच उचललं होतं.”

“मग स्वतःच का नाही फोडलात ओटा?”

“दोन दगड काढले होते. दुसऱ्या सकाळी भक्तांनी सिमेंट लावून परत बसवले. वर हवालदारांनी मला समज दिली.”

“धार्मिक भावना दुखावतात, साहेब,” गणाचारी म्हणाले. “बाबांनाही तशी सूट नाही.”

पाठारे उठले. कितीतरी दिवसांनी त्यांना वाटलं, प्रश्न सुटला.

“मग अडलंय काय? अर्जदार तुम्ही, ओटा तुमचा. गणाचारी, माझी माणसं आत्ता पहार घेऊन येतील. तुम्ही फक्त उभे राहा.”

“उभा राहतो, साहेब. पण मला आदेश रक्षणाचा आहे. पहार आली तर अडवावं लागेल.”

“अहो, पण कुणाविरुद्ध रक्षण? अर्जदार तर हे बसलेत!”

“तेच म्हणतो मी. दोघं एकाच ठिकाणी म्हणजे जोखीम जास्त.”

“निरीक्षकांना फोन लावा.”

“फोनवर आदेश बदलत नाही, साहेब. पत्र द्या.”

पाठारेंचा हात खिशातल्या पेनाकडे गेला. पेन निघालंही. कोऱ्या कागदावर त्यांनी ‘विषय’ लिहिलं, पुढं दोन टिंबं दिली…

…आणि थांबले. चौदावं पत्र होतं ते.

वळणापलीकडून टेम्पोचा हॉर्न वाजला. अलीकडून एक भाजीवाली सायकल ढकलत येत होती. तिला पलीकडचं काहीच दिसत नव्हतं.

बाबा ओट्यावरून उतरले. रस्त्याच्या मधोमध जाऊन टेम्पोसमोर हात आडवा धरला. टेम्पो करकचून थांबला. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं, बाबांना पाहून हात जोडले.

भाजीवाली निघून गेली. बाबांनी हात खाली घेतला. खांदा दुसऱ्या हातानं चोळला. पण ओट्याकडे परतले नाहीत. तिथंच उभे राहिले.

पाठारे जवळ गेले. कागद हातातच होता.

“बाबा, या वयात… असं किती दिवस उभं राहणार?”

बाबांनी वळणाकडे पाहिलं. मग शाळेकडे.

“अर्ज प्रलंबित आहे, साहेब.”