न बोचणारा शब्द

"…तर बुवा, 'पण'च्या जागी दुसरा कोणता शब्द घालू, एवढंच सांगा."

एवढं विचारून प्राध्यापक दिवाकर टेंबेकरांनी रुमालाने मान पुसली. वैशाखाचं ऊन डोक्यावर घेऊन ते टेकडी चढून मठात आले होते. ओसरीवर गुणाजीबुवा भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते.

"कुठल्या वाक्यात घालायचाय?"

टेंबेकर घुटमळले. जन्मभर दुसऱ्यांच्या वाक्यांखाली लाल रेघा ओढलेला माणूस. स्वतःचं वाक्य म्हणून दाखवायचं तर जिवावर आलं.

"'तुझं लग्न मला मान्य आहे, पण…' या वाक्यात."

"कोणाचं लग्न?"

"माझ्या मुलीचं. शलाकाचं. परवा आहे. ती इस्पितळात नर्स आहे. मुलगा एसटी चालवतो."

"नीट चालवतो का?"

"चालवत असेल. मी कशाला बघायला जातोय?"

बुवांनी एक शेंग फोडली. दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला.

टेंबेकरांना राहवेना. शलाकाची आई गेल्यापासून घरात ती दोघंच. सकाळचा चहासुद्धा एकमेकांशिवाय कधी घेतला नाही. आणि काल ती स्वच्छ सांगून मोकळी झाली होती, 'बाबा, भानुदासला एकदा मनापासून घरात घ्या. नाही जमलं तर लग्नाला तुम्ही येऊ नका.' हे बुवांना सांगताना त्यांचा आवाज चिरकला. तो खोकल्यात लपवायचा त्यांनी प्रयत्न केला.

"मी मान्य आहे असंच म्हणतोय हो. 'पण' म्हटलं की ती उठून जाते. म्हणून 'परंतु' म्हणालो. मग 'मात्र' म्हणून पाहिलं. शेवटी 'तथापि' म्हणालो, तर ताटावरून उठली."

"तथापि म्हणालात? जेवताना?"

"इंग्रजीतही बोलून पाहिलं. तिथे माझा हात धरणारा कोणी नाही, बुवा. नुसत्या 'बट'वर मी पुस्तिका लिहिलीय, पोरं परीक्षेच्या आदल्या दिवशी तीच वाचतात. 'बट' बोलण्यात चालतं. 'हाउएव्हर' जरा कोट घालून येतं, ते लिहिताना बरं. 'येट' म्हटलं की आशा शिल्लक राहते. 'स्टिल'…"

बोलता बोलता टेंबेकर खुलले. मघाशी आवाज चिरकलेला माणूस हाच का, असं वाटावं इतके खुलले. आपल्या विषयावर आलं की त्यांचं असंच व्हायचं. घर जळत असलं तरी आगीला आणखी काय काय म्हणतात ते आधी सांगून घेतलं असतं.

बुवांनी सगळं ऐकून घेतलं.

"यातला तिला कुठला चालला?"

"…एकही नाही."

बुवा सूप बाजूला सारून उठले. "उन्हाचे आलात. या मठात आलेल्याला आधी गूळपाणी, मग बोलणं. आत चला."

ते आतल्या खोलीत गेले. तिथून हाक आली, "या, आत या."

टेंबेकरांनी उंबऱ्यावर पाय ठेवला. दार त्यांच्या तोंडावर बंद झालं. आतून कडी लागली.

वाऱ्याने लागलं असेल, असं त्यांच्या मनात आलं. मग लक्षात आलं, वाऱ्याला कडी लावता येत नाही.

कडी निघाली. दार किलकिलं झालं. "यावं, प्राध्यापक, यावं." टेंबेकर पुढे झाले, आणि दार पुन्हा लागलं.

"बुवा…"

"पधारावं," आतून आवाज आला. दार उघडलं आणि मिटलं.

ऊन आता ओसरीवर सरकलं होतं. टेंबेकरांच्या घशाला कोरड पडली होती. आत माठातून पाणी काढल्याचा आवाज त्यांना स्पष्ट ऐकू येत होता.

"आपले पाय आमच्या घराला लागू देत," बुवा अगदी अदबीने म्हणाले. हसले असावेत, पण दाराआडून कसं कळणार? या खेपेला त्यांनी दार उघडण्याचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत.

टेंबेकर संतापले. या वयात कोणी त्यांची अशी थट्टा केली नव्हती.

"बुवा, शब्द राहू द्या तुमचे. दार उघडा आधी."

आतून फक्त तांब्या भरल्याचा आवाज आला.

टेंबेकर तसेच उभे राहिले. आपण काय बोललो ते त्यांना जरा उशिराच ऐकू आलं…

गेल्या महिन्यात भानुदास घरी आला होता. ड्यूटीवरून थेट, खाकी कपड्यांत, हातात आंब्यांची पिशवी. टेंबेकर दारातच त्याच्याशी चांगलं तासभर बोलले होते. रस्त्यांविषयी, पगाराविषयी, अगदी गोड बोलले होते. जाताना तो पिशवी तशीच परत घेऊन गेला. ती कुठे ठेवायची हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. शलाका मागे उभी राहून सगळं बघत होती.

टेंबेकरांना लाज वाटली. पोरीची आठवण आली आणि डोळे भरून आले.

दार कधी उघडलं ते त्यांना कळलं नाही. समोर बुवा तांब्या घेऊन उभे होते.

टेंबेकर आत गेले. भिंतीला टेकून बसले आणि गूळपाणी प्यायले.

जरा वेळाने ते उठले. "निघतो, बुवा. आज भानुदासची ड्यूटी संध्याकाळी संपते. त्याला घेऊनच घरी जावं म्हणतो."

बुवांनी मान हलवली.

टेंबेकर उंबऱ्यावर थबकले. सवय कुठे जाते? "त्याला आत बोलावताना… काय म्हणू?"

बुवांनी रिकामा तांब्या उचलून माठाजवळ ठेवला.

टेंबेकर बाहेर पडले आणि वळून, सवयीनेच, दाराला हात घातला.

"राहू द्या, मास्तर," बुवा आतून म्हणाले. "दार ओढून घेऊ नका."