पडद्याआडचं ताट

"शेष का उरलं, हे विचारायचं नाही. बाकी काय वाटेल ते विचार."

"का नाही विचारायचं?"

"बघा, लागलीच विचारलं!" भगवानकाका पंगतीकडं वळून म्हणाले. "नाव प्रतीक्षा, आणि दम म्हणून नाही पोरीला."

पंगत हसली. प्रतीक्षा हसली नाही.

मठ घरचाच होता, गोसावी घराण्याचा, माळावरचा. गादीवरचे महाराज म्हणजे प्रतीक्षाचे सख्खे आजोबा. पण गादीवर बसला तो सगळ्यांचा झाला. त्याला घरातल्यांनी नात्यानं हाक मारायची नाही, असा रिवाज होता. तिचे वडीलसुद्धा त्यांना महाराजच म्हणत.

महाराज जेवायला बसले की पुढं पडदा ओढायचा. त्यांनी काही मागायचं नाही, ताटात येईल ते घ्यायचं. जेवण आटोपलं की त्यांनी घंटा वाजवायची. मग ताट बाहेर यायचं, आणि त्यात जे राहिलं असेल ते शेष. ते सगळ्यांनी थोडंथोडं वाटून, डोळे मिटून खायचं.

पूर्वी कोरभर भाकरी उरायची. अलीकडं ताट जवळपास जसंच्या तसं बाहेर येऊ लागलं होतं.

माळावर गावोगाव बोलबाला झाला. महाराजांनी भूक जिंकली. महाराज आता वाऱ्यावर जगतात. गुरुवारी जीपगाड्या भरून माणसं येऊ लागली, आणि सगळ्यांना पुरेल एवढं शेष असायचं.

प्रतीक्षा लातूरला पदवी घेऊन नुकतीच परतली होती. तिला महाराजांकडून एकच गोष्ट शिकायची होती, आणि तीही थेट त्यांच्याच तोंडून. काका-आत्यांच्या 'आमच्या वेळेला'मध्ये तिला काडीचा रस नव्हता.

शेषाचा पहिला घास घेतला तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता. मग सवय झाली. भाकरी ताजी असायची, वर तुपाची धार. कधी कधी ती भाकरी थापणाऱ्या गयाआत्याकडं आणखी चतकोर मागून घ्यायची.

भेटीचं मात्र जमेना. महाराज पडलेत. महाराज जपाला बसलेत. अमावास्या होऊन जाऊ दे.

एका दुपारी तिचा धीर सुटला. माणसं आडावर हातपाय धूत होती. पडद्यापाशी कुणी नव्हतं. तिनं पडदा बाजूला केला आणि आत गेली.

महाराजांच्या तोंडात घास होता. ते तो या गालातून त्या गालात घोळवत होते. मान पुढं काढून त्यांनी गिळायचा प्रयत्न केला. घास उतरला नाही. ठसका आला. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून त्यांनी उपरण्याचा बोळा तोंडावर दाबला. डोळे पाण्यानं भरले.

मग त्यांनी बोटानं घास काढला. ताटात नाही ठेवला. ताट लोक खाणार होते. मुठीत धरला.

तेवढ्यात ती त्यांना दिसली.

"महाराज, मी…"

"आधी पडदा सोड."

तिनं पडदा सोडला.

"काय विचारायचं होतं?"

तिला आता ते विचारावंसं वाटेना. पण दुसरं काही सुचेना.

"भूक कशी जिंकायची, ते."

महाराज हसले. हसता हसता पुन्हा ठसका लागला.

"ज्यानं जिंकली असेल त्याला जाऊन विचार की."

प्रतीक्षा ताटापुढं खाली बसली. इतक्या जवळून तिनं त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. गळ्याखाली खड्डे पडले होते. मनगट तिच्या मनगटाहून बारीक होतं. गुरुवारची माणसं लांबून याच अंगाला तेज आलंय म्हणत.

"तुम्हाला गिळवत नाही."

महाराजांनी मान डोलावली.

"कधीपासून?"

"आधी दात गेले. मग घास घशातच थांबायला लागला… पातळ काही असलं तर जातं थोडं."

"मग सांगितलं का नाही?"

"मागायचं नाही. गादीवर बसताना शब्द दिलाय."

"मागू नका. सांगा. भात मऊ करा, एवढं सांगायचं."

"ते मागणंच झालं, पोरी."

"मग बाहेरच्यांनी विचारायचं!"

"त्यांनी विचारायचं नाही."

"हा कुठला नियम? कुणी केला?"

"चांगल्यासाठी केला होता. गुरूच्या ताटावर शिष्याचा डोळा नसावा, म्हणून." त्यांनी मुठीकडं पाहिलं. "तुझी आजी होती तोवर काही अडलं नाही. ती गुपचूप आत यायची. ताटाकडं बघायची. बोलायची काही नाही… दुसऱ्या दिवशी वरण पातळ यायचं, भाकरी दुधात कुस्करलेली यायची."

"आणि ती गेल्यावर?"

"ती गेल्यावर सगळे नियमानं वागतात."

प्रतीक्षाला राग आला. बाहेरच्यांचा आला, तसा यांचाही आला.

"तुम्हालाही बरं वाटलं असेल. गाड्या भरून माणसं येतात. महाराज वाऱ्यावर जगतात म्हणतात."

बोलून गेल्यावर तिला वाटलं, आता हे उठून जातील. किंवा तिला जायला सांगतील.

महाराजांनी पडद्याकडं पाहिलं.

"वाटलं," ते म्हणाले. "सुरुवातीला… वाटलं."

बाहेर चपला वाजल्या. माणसं पंगतीला बसू लागली होती.

"घसा डॉक्टरला दाखवायला हवा," ती हळू आवाजात म्हणाली.

"दाखवायला हवा होता."

त्यांनी डावा हात लांबवला आणि घंटा वाजवली.

एरवी ताट न्यायला भगवानकाका आत येत. आज प्रतीक्षाच ते उचलून बाहेर आली. पंगत हात पुढं करून बसली होती. काकांच्या कपाळाला आठी पडली.

"तू आत गेली होतीस?"

"हो."

"बरं. नंतर बोलू. ताट इकडं आण."

तिनं ताट त्यांच्याकडं नेलं नाही. ती चुलीपाशी गेली, दुधाचं पातेलं उतरवलं, आणि सगळ्यांसमोर खाली बसून ताटातल्या भाकरीवर दूध ओतलं. मग बोटांनी ती कुस्करायला लागली.

"अगं अगं!" गयाआत्या ओरडली. "शेषात हात घातलास?"

"हे शेष नाही. हे त्यांचं जेवण आहे. अजून झालेलं नाही."

"घंटा वाजली की."

"घंटा वाजली. घास एक गेलेला नाही. गिळवत नाही त्यांना. घशात अडकतंय. तोंडावर उपरणं दाबून खोकतात, तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून."

पंगतीतले पुढं केलेले हात हळूहळू मागं गेले.

"काहीतरीच," गयाआत्या म्हणाली. तिचा आवाज मात्र खाली आला होता. "मी का उपाशी ठेवीन त्यांना? पहाटे उठून थापते भाकरी. चांगली खरपूस करते. महाराजांना खरपूस आवडते म्हणून…"

"आवडायची, आत्या. दात होते तेव्हा."

गयाआत्यानं पदर तोंडाला लावला.

भगवानकाका उभे राहिले. ते वाईट माणूस नव्हते. उभी हयात त्यांनी हा मठ झाडला, सारवला, सांभाळला होता.

"प्रतीक्षा, ते ताट खाली ठेव. शेष माघारी जात नाही. आजवर गेलेलं नाही. थोरले महाराज, महाराजांचे वडील… त्यांच्या शेवटच्या वर्षांत ताट भरलेलंच बाहेर यायचं. आम्ही सगळी पोरं त्यावर वाढलो. हे महाराजसुद्धा तेव्हा त्याच ताटातलं खात. आम्ही कुणी विचारलं नाही. तू कोण लागून गेलीस विचारणारी?"

प्रतीक्षाचा हात दुधात तसाच थांबला. तिनं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. कुणी पापणी खाली घेतली, कुणी पदर सावरला.

"मी त्यांची नात," ती म्हणाली. "मीही खाल्लं, काका. आल्यापासून रोज. वर आणखी मागून खाल्लं. मलाही विचारावंसं वाटलं नाही, कारण गोड लागत होतं. आता खाणार नाही. वाटणारही नाही. आजोबांचं जेवण व्हायचंय. ते झाल्याशिवाय हे ताट मी कुणाला देणार नाही, आणि उद्या सकाळी त्यांना डॉक्टरकडं नेणार आहे. आडवं यायचं असेल त्यानं आत्ताच यावं."

आजोबा हा शब्द त्या चौकात कुणी काढलाच नव्हता.

कुणी आडवं आलं नाही. चुलीतलं एक लाकूड मोडून खाली पडलं.

प्रतीक्षा उठली. एका हातात ताट होतं, म्हणून तिनं दुसऱ्या हातानं पडदा ओढला. तो अडकला. तिनं जोर केला, तेव्हा दोरीसकट खाली आला.

महाराज पाटावर बसले होते. समोर सगळी पंगत, आणि मध्ये काही नाही. त्यांनी उपरणं सारखं केलं. मूठ अजून मिटलेलीच होती.

ती त्यांच्यापुढं बसली. दुधातली भाकरी बोटांनी पुन्हा चेपली, गोळा पार विरघळेपर्यंत. मग घास त्यांच्या ओठांशी नेला.

त्यांनी काकांकडं पाहिलं. गयाआत्याकडं पाहिलं. मग तोंड उघडलं.

घास वळला. गळा हलला. सगळा चौक त्या गळ्याकडं बघत होता.

उतरला.

तिनं दुसरा दिला. दूध दाढीत ओघळलं, ते तिनं ओढणीनं पुसलं. तिसऱ्या घासाला त्यांनी स्वतःच मान पुढं केली.

चौथा घास ती भरवणार, तोच त्यांनी तिचं मनगट धरलं. डोळे तिच्याकडं नव्हते. समोर, भगवानकाकांच्याही पलीकडं कुठंतरी होते.

"पोरी… माझ्या बाबांना पण तेव्हा भूक लागत असेल का गं?"