कड्यांमधली वाट

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी, ते त्या नदीलाच विचारावं लागेल.

ही नदी एके ठिकाणी दोन उंच कड्यांमधून जाई. तिथे एका वेळी एकच नाव मावे. मध्यावर एका कड्याला खोबण होती, तिच्यात नाव घालून थांबता येई. रीत अशी की, प्रवाहाबरोबर खाली येणाऱ्याने शिंग फुंकायचं आणि वर जाणाऱ्याने खोबणीत थांबायचं. कारण वर जाणाऱ्याला थांबता येतं. खाली येणाऱ्याला पाणी थांबू देत नाही.

पुढे तिथल्या सरदाराने मोठी नाव बांधली आणि फर्मान काढलं, "आमची नाव कुणासाठीही थांबणार नाही."

सगळ्या नावाड्यांनी माना खाली घातल्या. एक म्हातारी नावाडीण तेवढी उभी राहिली. एका जुन्या होडीवर तिचं पोट होतं.

"सरकार, ही रीत मानपानाची नाही, जिवाची आहे. पाण्याला हुद्दा कळत नाही."

"मग कळवू त्याला!" सरदार हसला. दरबारही हसला. दरबाराला दुसरं काम काय असतं!

म्हातारी हटली नाही. दर अमावस्येला ती वाड्यावर जायची, तेच सांगायची आणि पहारेकरी तिला हाकलून द्यायचे.

एका पावसाळ्यात निरोप आला, की खालच्या गावी सरदाराची लेक फार आजारी आहे. मोठी नाव त्याच गावाहून सामान आणायला गेलेली. घाटावर फक्त म्हातारीची होडी होती. सरदार निमूटपणे तिच्यात बसला.

कडे जवळ येताच म्हातारीने शिंग फुंकलं. समोरून मोठी नाव वर येत होती. खोबण तिच्या अगदी शेजारी होती, तरी ती थांबेना.

"थांबा! मी सरदार आहे!" सरदार ओरडला.

"असं सगळेच सांगतात!" नावेचा तांडेल गरजला. "व्हा बाजूला! ही सरदारांची नाव आहे!"

म्हातारीने दातओठ खाऊन होडी मुद्दाम कड्यावर घातली. होडीचे तुकडे झाले. तिने सरदाराला दंडाला धरून खडकावर ओढलं. तेव्हा कुठे तांडेलाने त्याला ओळखलं आणि नाव थांबवली.

"आजी, जीव वाचवलात. मागाल ते देतो," सरदार म्हणाला.

"होडी तर द्यालच," म्हातारी पदर पिळत म्हणाली. "आधी रीत परत द्या. आणि ती नाव वळवा, लेक वाट बघतेय."

लेक बरी झाली. त्यानंतर वर जाताना शिंग ऐकू आलं, की सरदार स्वतः उठून आपली नाव खोबणीत घाली. मग समोरून गवत वाहणारी होडी का येईना.

ज्याला थांबता येतं त्याने आधी थांबावं, त्यात कमीपणा नसतो.