न सांगता गेलेली माणसं

फार वर्षांमागे घाटाखालच्या एका गावात एक कासारीण राहत होती. नवरा वारलेला, पदरात एक लहानगी लेक. लेकीचं नाव येसू. आजूबाजूच्या गावांत फिरून बांगड्या भरल्या तरच त्यांची चूल पेटायची.

कासारीण वाईट नव्हती. पण ती निघाली की येसू गळ्यात पडून रडायची, आणि ते रडणं तिला बघवत नसे. म्हणून ती लेकीला शेजारच्या भागूबाईच्या ओट्यावर बसवायची आणि म्हणायची, "ती बघ, झाडावर खारुताई!"

येसू मान वळवून बघायची. पुन्हा वळायची तेव्हा आई नसायची.

"आई कुठंय?"

"परसात गेलीय गं, आत्ता येईल," भागूबाई म्हणायची.

येसू परसात जाऊन बघायची. गोठ्यामागे बघायची. दिवस कलायचा तरी आई यायची नाही. कधी दुसऱ्या दिवशी यायची, कधी त्याच्याही पुढच्या. येताना खाऊ आणायची. येसू खाऊ हातात धरून बसायची, खायची नाही.

पुढे पुढे तिचं रडणं थांबलं. लोक म्हणाले, पोर शहाणी झाली. खरं तर, कुणी काही दाखवलं तरी ती आता मान वळवत नव्हती, एवढंच.

येसू मोठी झाली. एका उन्हाळ्यात आई तापाने गेली. भागूबाईनेच पुढे होऊन वरच्या आळीतल्या सुभानाशी तिचं लग्न लावून दिलं. सुभाना जात्यांना टाकी लावायचा. दळून दळून जात्याचे दगड गुळगुळीत झाले की छिन्नीने ते पुन्हा खरखरीत करून द्यायचे, हा त्याचा धंदा. त्यासाठी गावोगाव फिरावं लागे. माणूस साधा, मायाळू.

पण संसाराला सूर लागेना. सुभाना विहिरीवर गेला तरी येसू दारात उभी राही. तो पारावर टेकला की बोलवायला जाई. फिरतीवर निघाला की त्याचा सदरा धरून रडे. आणि तो परत आला की भिंतीकडे तोंड करून बसे, दिवसदिवस बोलत नसे.

"गेलो तर रडतेस, आलो तर बोलत नाहीस," सुभाना काकुळतीला येऊन म्हणायचा. "मी करू तरी काय?"

"मला नाही ठाऊक," येसू म्हणायची. तिला खरोखरच ठाऊक नव्हतं.

एकदा लांबच्या गावातून बोलावणं आलं. लग्नघर होतं, दळणाची जाती गुळगुळीत होऊन अडून बसली होती. सुभानाच्या एका मित्राने सल्ला दिला, "अरे, सांगतोस कशाला? गुपचूप नीघ. दिसलंच नाही तर रडेल कशी?"

सुभानाला ते पटलं. सकाळी तो म्हणाला, "येसू, शेळी सुटलीय वाटतं. बघ जरा."

येसू परसात गेली. शेळी दाव्याला बांधलेली होती, पाला खात होती. ती घरात आली तर सुभाना नव्हता आणि त्याची हत्यारांची पिशवीही नव्हती.

ती रडली नाही. तिने दाराला आतून कडी घातली आणि जमिनीवर बसली. चूल विझली, ती पेटवली नाही. बाहेर बायका पाण्याला जात होत्या, हसत होत्या. येसूला वाटलं, साऱ्या गावाला कुणी ना कुणी आहे, आपल्यालाच तेवढं कुणी नाही. आणि हे आपल्याला फार आधीपासून माहीत होतं.

काम उरकून सुभाना आला. दार बंद.

"येसू, मी आलोय."

"इथं तुमचं कुणी राहत नाही," आतून आवाज आला.

सुभाना ओट्यावर बसून राहिला. काठी टेकत चाललेल्या भागूबाईने त्याला पाहिलं. ती आता म्हातारी झाली होती. त्याने झालेलं सगळं सांगितलं. ऐकून तिने कपाळाला हात लावला.

"बाबा रे, तिची आई अशीच जायची. पोर दिवसभर परसात शोधत फिरायची."

सुभानाचा चेहरा उतरला. तो उठला आणि दाराशी गेला.

"येसू, शेळी सुटली नव्हती. मी खोटं बोललो. तुझं रडणं मला सोसेना, म्हणून पळालो. चुकलं माझं."

मग आतून रडणं फुटलं. लहान पोर रडतं तसं, मोठ्याने. सुभानाने तिला गप्प केलं नाही. तो उंबऱ्यापाशी बसून राहिला. दिवेलागणीला कडी निघाली.

त्यानंतर निघताना तो स्पष्ट सांगू लागला, "उद्या जातोय. बाजाराच्या दिवशी येईन." येसू रडायची. तो तिला रडू द्यायचा, मग जायचा, आणि बाजाराच्या दिवशी यायचा. असं पुष्कळदा झालं. तरी एका दिवसात काही बदललं नाही. तो गेला की घर तसंच खायला उठायचं. आला की अजूनही कधी कधी तिचं तोंड भिंतीकडे वळायचं.

मग एका पावसाळ्यात बाजाराचा दिवस आला आणि सुभाना आला नाही. दार लावून घ्यावं, तो आला तरी उघडू नये, असं येसूच्या मनात आलं. ती उठलीही. पण दाराशी नुसती उभी राहिली. मग मागे फिरली आणि त्याच्या वाटणीची भाकरी झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो आला, चिखलाने भरलेला. "नदीला पूर होता गं. निरोप धाडायला माणूस मिळेना."

येसू त्याच्याकडे बघत म्हणाली, "मला फार एकटं वाटलं. भीती वाटली."

आजवर हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

सुभाना तसाच, ओल्या कपड्यांनी तिच्या शेजारी बसला. म्हणाला, "सांग. सगळं सांग."

तात्पर्य एवढंच: लेकरू रडेल म्हणून त्याला फसवून जाऊ नये, त्याचा तुटलेला विश्वास मोठेपणी त्याच्या माणसांना पुन्हा जोडावा लागतो, आणि तो खरं सांगून जाण्याने व परत येण्यानेच हळूहळू जुळतो.