पहिली पळी आजाऱ्याची

कोयनेच्या खोऱ्यातल्या सोनखोरी गावात माधवगिरी महाराजांचा मठ होता. मठ कसला, एक कौलारू खोली आणि पुढं तुळस! गावची तरणी माणसं पलटणीत भरती झाली, तेव्हा महाराजही पलटणीचे धर्मगुरू होऊन निघाले. "लेकरं मरणाच्या दारात जाणार आणि मी इथं घंटा वाजवत बसू?" महाराज म्हणाले.

महायुद्धात ती पलटण जपान्यांच्या कैदेत सापडली. दूरचं बेट, तारेचं कुंपण, पोटाला भाताची पातळ पेज. महाराज नैवेद्य दाखवीत आणि पहिली पळी आजाऱ्यांच्या झोपडीत नेत. पुढं तर स्वतःची वाटीही तिकडंच जाऊ लागली. अशा उपासातच महाराजांनी देह ठेवला.

मग पेज वाढायची पळी गावच्याच सुभेदार तुळाजी मोहित्यांच्या हाती आली. "कामावर जाईल त्याला पेज," ते म्हणाले. "जो उठणारच नाही, त्याच्यावर अन्न का नासायचं?" झोपडीतली पेज बंद झाली. पलटणीचा धोबी, आमच्याच गावचा धोंडी परीट, आपली वाटी तिकडं नेई, पण एका वाटीत किती तोंडं भागणार! माणसं डोळ्यांदेखत विझू लागली.

महाराजांच्या दहाव्याला धोंडीनं आपल्या पेजेतली शितं गाळून पिंड केला आणि कुंपणापाशी ठेवला.

सुभेदार हसले. "धोंड्या, या बेटावर कावळा कधी बघितलास का? मुंग्या जेवतील तुझ्या महाराजांचं!"

"येईल, साहेब. महाराजांचं मन मोकळं झालं की येईल."

कावळा शिवल्याशिवाय जेवायचं नाही, ही आपली रीत. पेज निवत होती, पण कुणी वाटी पुढं करीना. जो तो पिंडापुढं हात जोडून बोलू लागला. "महाराज, मठ शाकारू." "तुळस वाळू देणार नाही." आभाळ रिकामंच!

सुभेदार वैतागून पुढं झाले. "जिवंत परतलो तर दगडी समाधी बांधीन. आता तरी?"

पान हललं नाही.

"साहेब," धोंडी हळूच म्हणाला, "महाराजांनी स्वतःसाठी कधी काय मागितलं होतं?"

तेवढ्यात झोपडीतून कुणीतरी कण्हलं. सुभेदारांनी हातातल्या पळीकडं पाहिलं. ते पिंडापुढं वाकले. "महाराज... पहिली पळी आजाऱ्याची. माझा शब्द."

आणि काय सांगावं! कुंपणाच्या तारेवर काव काव झाली. कावळा उतरला, पिंडाला चोच लावून उडाला. त्याआधी त्या बेटावर कावळा कुणी पाहिला नव्हता, पुढंही कुणाला दिसला नाही.

त्या झोपडीतली कितीतरी माणसं आपल्या पायांनी घरी आली. समाधी काही बांधली गेली नाही. पण महाराजांच्या पुण्यतिथीला सुभेदार पहिली पळी स्वतः गावातल्या आजाऱ्याकडं नेत. एका वर्षी धोंडीच अंथरुणाला खिळला होता. परटाच्या दारात पागोटं काढून सुभेदार आत शिरले, ते आम्ही गावातल्या पोरींनी पाहिलं.

"साहेब, तुम्ही कशाला आलात?" धोंडी उठू लागला.

"पडून राहा, धोंडीबा," सुभेदार म्हणाले. त्यांनी वाटी उशाशी ठेवली आणि वाकून त्याच्या पायांवर डोकं टेकलं.