सगळ्यात जास्त कोण खातं

“आणि हे सगळे खातात कुठं?” शंभुगिरी बाबांनी विचारलं.

खांबेटे मास्तरनं कपाळावर हात मारून घ्यायचा तेवढा बाकी ठेवला.

“खातात नाही, बाबा. खाती. कॉम्प्युटर एकच, पण आत प्रत्येकाचं वेगळं खातं. एका वाड्यात चार बिऱ्हाडं असावीत तसं. ज्याचं त्याचं नाव, ज्याचं त्याचं कुलूप.”

“म्हंजे खात न्हाईत?”

“जागा खातात.”

“तेच इचारलं मी,” बाबा म्हणाले, आणि पुन्हा वाती वळायला लागले.

धोंडेगावच्या माळावर गोसाव्यांचा एक मठ आहे. एक समाधी, दोन खोल्या, एक विहीर. बघण्यासारखं काही नाही. लोकांच्या घरात एखादी वस्तू अडगळ झाली की त्यांना मठ आठवतो. तसा कुणीतरी हा कॉम्प्युटर आणून टाकला होता. पहाटे काकड्याला त्याच्यावर भजन लावत. आताशा ते लावलं की मध्येच अडकायचं. देवाचं अर्धं नाव घेऊन मशीन गप्प बसायचं. उरलेलं अर्धं ज्यानं त्यानं मनात म्हणावं.

खांबेटे मास्तर म्हणजे पुण्याच्या कॉलेजात पोरांना हेच यंत्र शिकवणारा माणूस. नोकरी सोडली, घराची किल्ली भावाच्या हातात दिली आणि दीक्षा मागायला इथं येऊन बसला. मुंडन व्हावं, भगवी वस्त्रं मिळावीत, नवं नाव मिळावं. दर पौर्णिमेला तो विचारायचा. दर पौर्णिमेला बाबा म्हणायचे, बघू.

उद्या पुन्हा पौर्णिमा होती. आज सकाळी विचारलं तर बाबा म्हणाले, “आधी त्या मशीनमधली अडगळ काढ. मग बघू.”

मास्तरला राग आला होता. उपनिषदं वाचलेल्या माणसाला झाडू हातात द्यावा, तसं वाटलं. पण या खेपेला नाही म्हणाले तर झोळी उचलून परत जायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. परत जायचं कुठं, ते मात्र ठरत नव्हतं. त्यामुळं रागही पुरता करता येईना.

“हे बघा, बाबा. हे दामोदरचं.”

“स्वैपाकाचा दामू?”

“हो. तो हॉटेलात गेला ना, भटारखान्यावर.”

“मग हितं कशाला बसलाय? काढ.”

मास्तरनं काढलं.

“हे ‘पाहुणा’ म्हणून आहे. कुणीही यावं, कुणीही बसावं.”

“पाहुणा गेल्यावर पाट उचलायचा असतो. काढ.”

तेही गेलं.

“हे... महिपतगिरींचं.”

बाबांचा हात थांबला. महिपतगिरी म्हणजे त्यांचे गुरुबंधू. गळा असा की ऐकून विहिरीवरच्या बाया घागर भरायची विसरत. त्यांना समाधी दिली त्याला वर्ष होऊन गेलं होतं.

“अजून आत हाय त्यो?”

“नाव आहे, बाबा. माणूस नाही.”

“मग काढतोस कुणाला?”

“...नावाला.”

“काढ. ताटकळला असंल बिचारा.”

मशीननं विचारलं, यांच्या वस्तू ठेवायच्या का टाकायच्या? मास्तरनं ते वाचून दाखवलं. आत महिपतगिरींची भजनं होती. काकड्याला लागत होती ती हीच.

“भजनं ठेव,” बाबा म्हणाले. “नाव काढ.”

मास्तरला हे वाक्य फार आवडलं. कधी व्याख्यान द्यायची वेळ आली तर घालता येईल, असं त्याच्या मनात येऊन गेलं. शिकवायची खोड लागलेल्या माणसाचं असंच असतं. घास तोंडात असतो आणि तो वाढायचा विचार करत असतो.

“झालं, बाबा. नको ती सगळी गेली.”

“लाव बघू भजन.”

मास्तरनं लावलं. दोन ओळी नीट गेल्या. तिसरीला घसा धरला आणि मशीन पुन्हा गप्प.

माळावर टिटवी ओरडत होती, तेवढाच काय तो आवाज.

“अडतंय की,” बाबा म्हणाले.

मास्तरनं दोन-तीन बटणं पुन्हा दाबून बघितली. पोरांच्या वर्गात असं झालं असतं तर त्यानं विजेला दोष दिला असता. इथं वीज व्यवस्थित होती.

“इतक्यांना उठवलं,” बाबा म्हणाले. “तरी अन्न पुरंना. आता सगळ्यात जास्त कोण खातं ते बघ.”

मास्तरनं बघितलं. चार बटणं दाबली. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“कोण हाय?”

“...मी.”

“लई खातोस?”

“जवळजवळ सगळंच.”

बाबांनी वात दिव्याच्या ताटलीत ठेवली. हसले नाहीत. हसले असते तर मास्तरला सोपं गेलं असतं.

“काय हाय एवढं त्यात?”

“लिखाण आहे. आत्मज्ञानावर ग्रंथ लिहितोय मी. आणि प्रवचनं आहेत, माझ्या आवाजात.”

“ऐकली कुणी?”

“अजून कुणी नाही. मीच ऐकतो अधनंमधनं. चुका काढायला.”

“घावल्या?”

मास्तर पुन्हा चष्मा पुसायला लागला.

“काढ मग ते बी.”

आता मात्र मास्तरला धीर आला. बाबांना न कळणारी गोष्ट शेवटी निघाली होती. त्यानं खुर्ची जरा वळवून घेतली, आणि त्याचा वर्गातला आवाज आपोआप बाहेर आला.

“हे नाही काढता येत, बाबा. तसा नियमच आहे. मी त्याच खात्यात बसून काम करतोय. ज्या खात्यात आपण बसलोय ते आपल्यालाच काढता येत नाही. बाकी सगळ्यांच्या नावापुढं काढायचं बटण असतं, आपल्या नावापुढं नसतं. शिवाय या मशीनच्या लेखी मालक मी आहे. मालक एक तरी ठेवावाच लागतो.”

“परत सांग.”

“मी म्हणालो, दुसऱ्यांची काढता येतात. पण ज्याच्या आत आपण बसलोय ते...”

मास्तर थांबला.

“म्होरं?”

“...ते आपल्या हातानं काढता येत नाही.”

“आन् मालकाचं काय म्हणालास?”

एवढ्या पौर्णिमा गेल्या तरी बाबांनी एक अक्षर शिकवलं नव्हतं, अशी मास्तरची तक्रार होती. आणि आता सगळा धडा त्याच्याच तोंडून वाजत होता, तोही दोनदा.

“तर मग त्ये निघतच न्हाई म्हण.”

“निघतं,” मास्तर हळू आवाजात म्हणाला. “दुसऱ्याला मालक करायचं. आपण बाहेर पडायचं. मग त्यानं आत बसून आपल्याला काढायचं.”

“कुणाला करतोस?”

त्या सगळ्या कुलपांचे शब्द, म्हणजे पासवर्ड, मास्तरनं कुणालाच सांगितले नव्हते. दामोदरनं एकदा आपला मागितला तर, “तुला झेपायचं नाही,” म्हणून त्याला वाटेला लावलं होतं. महिपतगिरींना भजन ऐकायचं असलं तरी मास्तरला हाक मारावी लागायची. घराची किल्ली भावाला देताना त्याचा हात हलला नव्हता. आता माउसवरची मूठ सुटत नव्हती. सगळं सोडून आलो म्हणणाऱ्या माणसानं एवढं एक चिंधीत बांधून बरोबर आणलं होतं, आणि ते त्यालाच माहीत नव्हतं.

त्यानं नवं खातं उघडलं.

“नाव काय घालू, बाबा?”

“तुला दिसंल ते.”

त्यानं ‘बाबा’ घातलं.

“आता कुलपाचा शब्द सांगा. मी बघणार नाही.”

“ह्या मठाला कुलूप बघितलंस कधी?”

ती जागा मास्तरनं रिकामी सोडली. मग मालकीच्या रकान्यात बाबांचं नाव चढवलं. मशीननं विचारलं, नक्की का? मास्तर त्या दोन शब्दांकडं बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं बटण दाबलं, आपल्या खात्यातून बाहेर पडला, आणि खुर्चीवरून उठला.

“बसा,” तो म्हणाला.

बाबा गुडघ्यावर हात देत उठले आणि खुर्चीवर मांडी घालून बसले. त्यांनी माउस उचलला आणि पडद्यावर मास्तरच्या नावाला टेकवला.

“उचलायचा नाही, बाबा. खाली ठेवून घासायचा.”

“भांड्यावानी व्हय? तसं सांग की मग.”

पडद्यावरचा बाण कधी छपराला गेला, कधी कोपऱ्यात जाऊन दडला. मास्तरला दोनदा वाटलं, हात पुढं करावा आणि आपणच करून टाकावं. दोन्ही वेळा त्यानं हात पाठीमागं नेला आणि एकात एक अडकवून धरला. शेवटी बाण ‘श्रीधर खांबेटे’वर येऊन थांबला. आता त्या नावापुढं बटण होतं.

बाबांनी दाबलं.

“काय म्हणतंय आता?”

“विचारतंय... या माणसाचं जे काही आहे ते ठेवायचं का टाकायचं?”

“मघाशी त्या महिपतीची भजनं आपण ठिवली.”

“हो.”

“ह्याचं काय करू?”

मास्तरला ग्रंथ आठवला. त्यातली प्रस्तावना त्यानं पुन्हा पुन्हा लिहिली होती, कारण पुढं काय लिहायचं ते सुचत नव्हतं. प्रवचनं आठवली. त्यातला तो खर्जातला आवाज त्यानं आरशासमोर बसून बसवला होता. बाबांनी ठेव म्हणावं असं त्याला फार वाटलं. बाबांचं बोट बटणावर तसंच होतं, म्हातारं आणि शांत, वातीचा कापूस अजून नखात अडकलेला.

“टाका,” मास्तर म्हणाला.

म्हणाला, आणि त्यालाच नवल वाटलं. एवढा सोपा शब्द, तो एवढे दिवस कुठं अडकला होता कोण जाणे.

बाबांनी दाबलं. पडद्यावर चक्र फिरायला लागलं. बराच वेळ फिरलं, माल तसा पुष्कळ होता. मग थांबलं. नाव गेलं. जिथं ते होतं तिथं नुसता पडदा राहिला.

डोक्यावरचा भारा उतरवला की बाईची मान कशी आपसूक वर जाते, तसं मास्तरचं झालं. पोटातून एक श्वास आला. एवढा मोठा की तो इतके दिवस आत होता कुठं, याचंच त्याला हसू आलं. मग तो खरंच हसला. खाली घोंगडीवर बाबांच्या जागेवर बसला, समोरचा कापूस घेतला आणि वात वळायला लागला. फार वाईट वळली. तशीच त्यानं ताटलीत ठेवली आणि दुसरी घेतली. पौर्णिमेचं विचारायचं होतं, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

बऱ्याच वेळानं त्याच्या लक्षात आलं की मशीनमध्ये आता त्याचं काहीच नाही. पहाटे भजन लावायचं म्हटलं तरी त्याला स्वतःच्या नावाचं दार नाही.

“बाबा,” त्यानं विचारलं, “आता मला आत यायचं असलं तर?”

शंभुगिरी खुर्चीवरून सावकाश उतरले. त्यांनी मास्तरच्या डोक्यावरून हात फिरवला, पाठीमागून पुढं, पिकल्या फणसाचा अंदाज घ्यावा तसा.

“न्हाव्याला कालच निरोप धाडलाय.”